मागच्या खोलीतलं पाणी

"धाकटे, भिंत काही ऐकत नाही. एकदा येऊन बघून जा," एवढंच भाऊजी फोनवर म्हणाले. धाकटीने ओळखलं, सगळे उपाय करून झालेत आणि माणसाने हात टेकलेत. एरवी ते तिला बोलावणारे नव्हते.

धाकटीची साठी कधीच उलटली होती. पण थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने लग्नात जी हाक मारली ती तिला चिकटली ती चिकटलीच. तिचं काम जुन्या घरांची ओल तपासण्याचं. भिंतीला ओल धरली की लोक आधी रंगाऱ्याला बोलावतात, मग गवंड्याला, मग नशिबाला बोल लावतात आणि सगळ्यात शेवटी तिला. ती स्वतः काही दुरुस्त करत नसे. पाणी कुठून येतं तेवढं शोधून सांगायची आणि आपली पिशवी उचलून घरी जायची. तिची ताई, म्हणजे भाऊजींची बायको, तिला चिडवायची, "तुझं बरं आहे गं. लोकांच्या घरातले दोष काढायचे, वर चहा प्यायचा."

ताई मागच्या हिवाळ्यात गेली. रात्री झोपली ती सकाळी उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. वय झालं होतं, कुणी काही विचारलं नाही.

घर उतारावरच्या जुन्या विटांच्या घरांच्या रांगेत होतं, दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांच्या भिंतींना भिंत लावून. पुढे एक खोली, मधे स्वयंपाकघर, मागे एक खोली, त्यामागे चिंचोळं अंगण. भाऊजींचा धंदा कोच-खुर्च्यांच्या गाद्या शिवण्याचा. आता दुकान बंद केलं होतं, पण हात स्वस्थ बसत नव्हते. पुढच्या खोलीत त्यांचं जाडजूड टेबल, सुया, कातड्याचे तुकडे आणि कापसाची पोती अजून होती. घरात शिरल्या शिरल्या धाकटीला दिसलं की त्यांनी सगळं घरच शिवून टाकलंय. दाराखालच्या फटीला सापासारखी लांब उशी. खिडक्यांच्या कडांना कापडी पट्ट्या, त्यांना बारीक टाके. भिंतीत हवेसाठी ठेवलेल्या जाळीच्या विटेवर चौकोनी गादी, चार कोपऱ्यांना चार बटणं लावलेली.

"हे काय भाऊजी? घर आहे की गिऱ्हाईकाचा कोच?"

"वारा येत होता. आता ये म्हणावं," भाऊजी अभिमानाने म्हणाले. "पोरीला थंडी बाधते. तिच्या आईलाही बाधते. नुसतं बोलून ऊब येत नाही."

पोरगी म्हणजे त्यांची नात. सात वर्षांची. कानाशी सारखी प्रश्नांची गुणगुण, म्हणून तिला सगळे भुंगी म्हणायचे. भाऊजींच्या लेकीचं नवऱ्याशी बिनसलं होतं आणि पंधरवड्यापूर्वी ती भुंगीला घेऊन कायमची माहेरी आली होती. मागची खोली त्या दोघींना दिली होती. त्यासाठी भाऊजींनी भिंतीचा जुना गिलावा खरवडून नवा करून घेतला, वर पांढरा रंग दिला. आठ दिवस भिंत दुधासारखी दिसली. मग कोपऱ्यात काळे ठिपके आले, कपाटामागे काळा डाग आला आणि खिडकीच्या काचेवरून सकाळी पाणी वाहायला लागलं. भुंगी खोकायला लागली. सकाळी उठली की कपाळ धरून बसायला लागली.

"मी बाबांना सांगून ठेवलंय मावशी," लेक स्वयंपाकघरातून म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "महिना संपेपर्यंत भिंत वाळली तर ठीक. नाहीतर मी भाड्याची खोली बघते. पोरीला घेऊन या कुजक्या हवेत नाही राहायचं मला."

भाऊजी टेबलावरचे कातड्याचे तुकडे गोळा करत राहिले. ती आत गेल्यावर मात्र धाकटीच्या जवळ सरकून हळूच म्हणाले, "या दोघी गेल्या तर मी काय टेबलाशी बोलत बसू? काय करायचं ते कर, धाकटे. पण ही भिंत वाळव."

धाकटीने आधी घराला बाहेरून फेरी घातली. पन्हळ कुठे फुटलीय का, पावसाचं पाणी वाहून नेणारा नळ सांध्यात गळतोय का, अंगणातली माती भिंतीला टेकून वर चढलीय का, हे सगळं तिने हात लावून पाहिलं. भुंगी तिच्या मागेमागे.

"मावशीआजी, तू काय शोधतेस?"

"पाणी."

"पाणी तर नळाला असतं."

"हो ना. मग भिंतीत कसं गेलं? तेच तर कोडं आहे." धाकटी उकिडवी बसली, म्हणजे दोघींचे चेहरे समोरासमोर आले. मुलांशी बोलताना ती नेहमी असंच करायची. "हे बघ. घरात ओल तीन वाटांनी शिरते. एक वाट खालून. विटा जमिनीतलं पाणी पितात, तू सरबत पितेस ना नळीने, तसं. पण विटांना काही फार दम नसतो. कमरेपर्यंत चढतं आणि थांबतं, आणि जिथे थांबतं तिथे मिठासारखी पांढरी पूड सोडून जातं. दुसरी वाट बाहेरून. छत फुटलं, नळ फुटला, तर डाग पडतो. तो पिवळट असतो आणि पाऊस पडला की मोठा होतो."

"आणि तिसरी?"

"तिसरी वाट घराच्या आतूनच. आपण श्वास सोडतो त्यात पाणी असतं. भात शिजतो, कपडे वाळतात, आंघोळ होते, सगळ्याचं पाणी हवेत जातं. दिसत नाही, पण असतं. ही हवा गार भिंतीला टेकली की ते पाणी तिथेच बसतं. गार पाण्याचा पेला बाहेरून ओला होतो की नाही?"

"हो! पण तो फुटका नसतो."

"शाब्बास. हेच मोठ्या माणसांना कळत नाही. पेला ओला दिसला की ते पेला बदलायला निघतात."

मागून भाऊजींनी खाकरून सांगितलं की त्यांना ऐकू येतंय.

खोलीत आल्यावर धाकटीने खाली वाकून, कपाट सरकवून, भिंतीला नाक लावून पाहिलं. खाली जमिनीलगत भिंत कोरडी. पांढऱ्या पुडीचा मागमूस नाही. पिवळा डाग नाही. काळे ठिपके सगळे वरच्या कोपऱ्यांत आणि कपाटामागे, म्हणजे जिथे भिंत सगळ्यात गार आणि हवा सगळ्यात कोंडलेली तिथेच.

"तिघांनी सांगितलं, जमिनीतून ओल येते," भाऊजी म्हणाले. "एक तर म्हणाला अख्खं घर खणावं लागेल."

"पावसाच्या दिवसांत कशी होती भिंत?"

"तेव्हा? तेव्हा..." भाऊजी थांबले. "तेव्हा कोरडी होती. खोली बंदच होती ना. ही गेल्यापासून मी इकडे फिरकलोच नाही."

"म्हणजे सगळा पाऊस पिऊन भिंत कोरडी, आणि थंडीत माणसं राहायला आली की ओली. भाऊजी, जमिनीला काय माहीत घरात कोण राहायला आलं?"

भाऊजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मग काय पोरगी श्वास घेते म्हणून भिंत कुजली? श्वास घ्यायचा नाही का तिने?"

धाकटीने वाद घातला नाही. पिशवीतून जाड प्लास्टिकचा तळहाताएवढा तुकडा काढला, काळ्या डागाजवळ भिंतीला लावला आणि चारी कडांना चिकटपट्टी दाबून बसवली. "भुंगे, हे तुझं काम. उद्या सकाळी उठलीस की बघायचं, पाणी याच्या पुढच्या अंगाला आहे की मागच्या. पण सोलायचं नाही हं. मागे पाणी असेल तर भिंतीतून आलं. पुढे असेल तर हवेतून. उद्या मी आले की मला सांगायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी आली तेव्हा भुंगी दारात नव्हती. खाटेवर पांघरुणात बसून होती, कपाळाला हात लावून.

"पुढे," ती हळू आवाजात म्हणाली. "पुढे पाणी आहे. खूप."

धाकटीने पाहिलं. प्लास्टिकवर थेंब दाटून बसले होते आणि एकेक ओघळ खाली उतरत होता. मागची बाजू कोरडी ठणठणीत. तिसरी वाट. म्हणजे घर खणायला नको, भिंत पाडायला नको, थोडी हवा खेळती ठेवली की काम झालं. दुसरं कुठलं घर असतं तर धाकटी खुशीत चहा मागून मोकळी झाली असती. पण तिला एक गोष्ट बोचत होती. दोन माणसांच्या श्वासाचं हे पाणी नव्हतं. इतकं पाणी दोन माणसांच्या अंगातून निघणं शक्य नव्हतं.

ती स्वयंपाकघरात गेली. "कपडे कुठे वाळत घालतेस?"

"मागे अंगणात," लेक म्हणाली. "खोलीत नाही घालत."

"स्वयंपाकाची वाफ?"

"इकडचं दार लावलेलं असतं. आणि रात्री आम्ही करतो काय, खिचडीच." लेकीने पातेलं आदळलं. "आता हिचं बघ. आज परत डोकं. शाळेत जायचं नसतं, दुसरं काही नाही. कोपऱ्यापर्यंत गेलं की बाईसाहेब उड्या मारायला लागतात. घरात होतं तेव्हाच नेमकं डोकं दुखतं. आईचंही असंच होतं. तिला वाटायचं चष्म्याचा नंबर वाढला. नवा चष्मा करून घेतला, तरी मला फोनवर तेच, सकाळी डोकं ठणकतं, बाजारात जाऊन आलं की बरं वाटतं."

धाकटीने हातातली पिशवी खाली ठेवली.

"रात्री खोलीत ऊब कशाने करता?"

"गॅसची शेगडी आहे ना भिंतीतली. झोपायच्या आधी तासभर लावतो. मग मी बंद करते, मला गुदमरल्यासारखं होतं. आज मात्र बाबा म्हणालेत, थंडी फार पडणारे, रात्रभर राहू दे."

धाकटी मागच्या खोलीत परतली. शेगडी भिंतीच्या पोटात बसवली होती, जिथे पूर्वी कधीतरी लाकडं जळत असतील. त्यावरून जुनं विटांचं धुराडं सरळ छतापर्यंत गेलं होतं. शेगडीच्या वर, नव्या पांढऱ्या रंगावर, एक तपकिरी सावली चढली होती. काल तिने ती पाहिली होती आणि हा काही ओलीचा डाग नव्हे म्हणून पुढे गेली होती. तिने शेगडी पेटवली. ज्योत निळी नव्हती. पिवळी होती, आळसावलेली, वर वर जिभा काढणारी. तिने स्टीलचं गार ताट आणून ज्योतीपासून हातभर वर धरलं. बघता बघता ताट धुरकटलं आणि कडेवरून थेंब गळला.

"आगीतून पाणी?" भुंगी डोकं दुखायचं विसरून पुढे सरकली.

"हो. गॅस जळला की पाणीच तयार होतं. नेहमीच. पण ते वर धुराड्यातून निघून जायला हवं." धाकटीने लगेच शेगडीची कळ बंद केली. मग हात शेगडीच्या तोंडाशी नेला. धुराडं मोकळं असतं तर हवा आत ओढली गेली असती. हाताला काहीच जाणवलं नाही. तिने काडी पेटवून विझवली. काडीचा धूर वर न जाता खोलीतच सांडला आणि तिच्या तोंडावर आला.

तेवढ्यात भाऊजी आले. "झाली का तपासणी? की तपासनीसबाईंना आणखी काही दोष सापडले?"

"भाऊजी, या धुराड्यात पाणी येतं का पावसाचं?"

"छे! ते मी कधीच बंद केलं." त्यांचा चेहरा उजळला. "आधी यायचं. पाऊस लागला की शेगडीवर टपटप सुरू. तुझ्या ताईची त्याने झोप मोडायची. ती म्हणायची, डोक्यात कुणी खिळे ठोकतंय असं वाटतं. मग मी छतावर चढलो, धुराड्याच्या तोंडाचं माप घेतलं आणि गादी शिवली. साधीसुधी नाही. आत दाबून भरलेला काथ्या, वर कापूस, त्यावर मेणकापड, आणि कडेला दुहेरी शिलाई. अशी घट्ट बसवली की आजपर्यंत एक थेंब आत आला नाही. पाणी वरून येतं असं म्हणणार असशील तर विसर."

"कधी बसवली?"

"मागच्या थंडीच्या तोंडाला. पावसाच्या शेवटच्या सरी होत्या त्या."

लेक दारात येऊन उभी राहिली होती. धाकटीने तिच्याकडे वळून शक्य तितक्या सरळ आवाजात सांगितलं, "भुंगीला कोट घाल आणि बाहेर घेऊन जा. आत्ता. कोपऱ्यापर्यंत चक्कर मार. मी आले की सांगते."

"काय झालं मावशी?"

"जा म्हटलं ना, बाई."

लेकीने तिचा चेहरा पाहिला आणि पुढे विचारलं नाही. त्या दोघी गेल्या. धाकटीने गॅसचा नळ मुळाशीच बंद केला, खिडकीच्या कडांची कापडी पट्टी दोन्ही हातांनी ओढून काढली आणि खिडकी सताड उघडली. थंड हवा आत आली.

"अगं, अगं! दोन दिवस लागले मला ती शिवायला," भाऊजी पुढे धावले. "आणि शेगडी का बंद केलीस? भिंत वाळवायला बोलावलं तुला, खोली गोठवायला नाही."

"ही शेगडी आता कुणी पेटवायची नाही, भाऊजी."

"बरं, नाही पेटवणार."

ते इतक्या पटकन म्हणाले की धाकटीने त्यांच्याकडे पाहिलं. ती त्यांना आयुष्यभर ओळखत होती. तीन गवंड्यांना ते असंच बरं म्हणाले होते आणि त्यांची पाठ वळल्यावर आपल्याला हवं तेच केलं होतं. आत्ताही त्यांचा एक हात खिडकी लोटून घ्यायला पुढे झाला होता. ती गेली की रात्री पोरगी कुडकुडेल, आणि हा माणूस प्रेमापोटी म्हणेल, थोडा वेळच लावू, एवढ्याने काय होतंय.

शेगडी बिघडलीय असं सांगितलं तर ते दुसरी आणून त्याच धुराड्याला जोडतील. धुराडं मोकळं करा असं सांगितलं तर का म्हणून विचारतील. आणि का याचं उत्तर जिथून सुरू होतं तिथेच, याच खोलीत, ताई झोपायची. अर्धं खरं सांगून थांबायला कुठे जागाच नव्हती.

"बसा," ती म्हणाली.

"बसायला काय झालं?"

"बसा भाऊजी."

ते भुंगीच्या खाटेवर बसले. धाकटी समोर उकिडवी बसली, काल भुंगीसमोर बसली होती तशीच.

"गॅस जळतो तेव्हा त्यातून पाणी निघतं, हे तुम्ही ताटावर बघू शकता. पण पाण्याबरोबर दुसरंही काही निघतं. धुराडं मोकळं असलं की दोन्ही वर निघून जातात. तोंड बंद असलं की दोन्ही खोलीत राहतात."

"गॅसला कुठे धूर असतो? धूर लाकडांना. म्हणून तर म्हटलं, या धुराड्याचा आता उपयोग काय."

"दिसत नाही. त्याला वास नाही, रंग नाही. खोली आधीच कोंडलेली असली की ज्योतीला हवा पुरत नाही आणि विषारी वायू तयार होतो. थोडा झाला तर डोकं दुखतं. बाहेर मोकळ्या हवेत गेलं की बरं वाटतं." तिने थोडं थांबून घेतलं. "फार झाला तर माणूस झोपेतून उठत नाही."

भाऊजींनी शेगडीकडे पाहिलं. बाहेर रस्त्यावरून कुणाची तरी हातगाडी गेली, तिच्या चाकांचा आवाज उतारावरून खाली जाईपर्यंत ऐकू येत राहिला.

"ती रात्रभर लावायची," ते म्हणाले. "तुझी ताई. तिला ऊब लागायची. मी घोरतो म्हणून तिने मला पुढच्या खोलीत पाठवलं होतं." थोड्या वेळाने, "मी दुहेरी शिलाई घातली होती, धाकटे."

"हो."

"एकेरी घातली असती तर फटीतून गेलं असतं का थोडं?"

धाकटीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"डॉक्टर म्हणाले होते हृदय."

"तपासलं नाही कुणी तेव्हा. आता कुणालाही नक्की सांगता येणार नाही."

ही एक पळवाट होती आणि ती खोटीही नव्हती. धाकटीने ती त्यांच्यासमोर उघडी ठेवली. भाऊजींनी त्या वाटेकडे पाहिलंसुद्धा नाही.

"लोकांचं राहू दे. तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, तसंच झालं."

त्यांनी मान हलवली, गिऱ्हाईकाने कापडाचा भाव सांगावा आणि तो मान्य असावा तशी. त्यांचे हात मांडीवर उताणे पडले होते. सुईने टोचून टोचून घट्टे पडलेली बोटं जागच्या जागी हलत होती.

"तिला कळलं असेल का?"

"नाही. झोप गाढ होत जाते. कळत नाही."

"हे तरी खरं सांगतेस ना?"

"हे खरं आहे."

भाऊजी खाटेच्या कडेला सरकले. मग एकदम तिचा हात धरून म्हणाले, "पोरीला सांगू नकोस. माझ्या लेकीला. तुझ्या पाया पडतो. धुराडं मी आजच मोकळं करतो, शेगडी भंगारात देतो, तू म्हणशील ते करतो. पण तिला नको. ती जाईल, धाकटे. असल्या घरात कशाला राहील?"

"भुंगीला आजच डॉक्टरकडे न्यायला हवं. तिचं रक्त तपासायला हवं. तिच्या आईचंही. डॉक्टरांना कारण सांगावं लागेल. तिच्यापासून लपवून कसं जमेल?"

त्यांनी हात सोडला.

"मी सांगते तिला," धाकटी म्हणाली. "तुम्ही इथेच बसा."

"नाही." भाऊजी उठले. उठताना खाटेचा आधार घ्यावा लागला. "आईचं मरण तिने बाहेरच्याकडून ऐकायचं नाही." मग त्यांच्या लक्षात आलं. "तू बाहेरची नाहीस. पण मीच सांगतो."

त्या परत आल्या तेव्हा ते पुढच्या दाराशी उभे होते. धाकटीने भुंगीचा हात धरून तिला पायऱ्यांखाली नेलं. भुंगीचे गाल थंडीने लाल झाले होते आणि डोकं दुखायचं थांबलं होतं. आगीतून पाणी येतं तर मग पाण्याने आग कशी विझते, हे तिला ताबडतोब हवं होतं. धाकटी तिला समजावून सांगत राहिली. फार नीट सांगत होती, एकेक पायरी करून, पण कान मागे दाराकडे होते. भाऊजींचा आवाज ऐकू येत होता, शब्द नाही. सपाट, एकसारखा. मग तो थांबला. लेकीचा आवाज आलाच नाही.

थोड्या वेळाने ती बाहेर आली. खांद्यावर पिशवी होती. डोळे कोरडे होते. तिने भुंगीच्या कोटाचं वरचं बटण लावलं.

"मी येते बरोबर," धाकटी म्हणाली.

"नको मावशी. दवाखाना जवळच आहे. तू त्यांच्यापाशी थांब." ती 'बाबांपाशी' म्हणाली नाही.

"आजोबांना टाटा!" भुंगी ओरडली. भाऊजी दारात होते. त्यांनी हात वर केला. लेकीने मागे वळून पाहिलं नाही.

दुपारी फोन आला तो धाकटीला. रक्तात त्या वायूचा अंश सापडला होता, पण थोडा. प्राणवायू लावला होता, पोरीला आता बरं होतं. लेक म्हणाली, रात्री आम्ही माझ्या मैत्रिणीकडे राहू. आमचे कपडे तेवढे आणून देशील का? आणि भुंगीचं दप्तर.

"आणि मग?" धाकटीने विचारलं.

"मग बघू. मला माहीत नाही, मावशी. त्यांनी आईसाठीच केलं, कळतं मला. पण त्या घरात पाऊल टाकलं की मला श्वास घेता येणार नाही. ते मला आत्ता विचारू नकोस."

कपड्यांच्या घड्या भाऊजींनीच घातल्या. धाकटीला हात लावू दिला नाही. छोटे मोजे जोडीजोडीने गुंडाळले, स्वेटर पाठीकडून दुमडला, दप्तराचा तुटका बंद टेबलावर घेऊन चार टाके घालून नीट केला. टाके घालताना एकदा हात थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

खोलीतली खिडकी सताड उघडी होती आणि आत बाहेरच्याइतकीच थंडी होती. भाऊजींनी अंगात कोट चढवला आणि पिशवी तिच्या हातात दिली.

"भिंतीचं सांगायचं राहिलं तुझं," ते म्हणाले. "त्यासाठी तर बोलावलं होतं."

"काळं पुसून काढा. कपाट भिंतीपासून थोडं लांब ठेवा. खिडक्या उघड्या ठेवा. जाळीवरची गादी काढून टाका."

"आणि वाळेल?"

"वाळेल."

"ती विचारेल तर मी सांगेन तिला, वाळली म्हणून." त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला, ताप पाहावा तसा. "किती दिवस लागतील?"

आत कुणी राहत नसेल तर फार दिवस लागत नाहीत, हे धाकटीला माहीत होतं.

"लवकरच वाळेल, भाऊजी," ती म्हणाली आणि पिशवी घेऊन पायऱ्या उतरली.